सँडोचे डंबेल्स बाजूला ठेवून औंधच्या राजाने सूर्यनमस्कार घातले, आणि अख्ख्या संस्थानाला घालायला लावले

साल १९३६. सत्तरीकडे झुकलेला एक हिंदुस्थानी राजा इंग्लंडला गेला होता. त्या काळी संस्थानिक लंडनला गेले की पेपरात चर्चा व्हायची ती त्यांच्या हिऱ्यांची, गाड्यांची आणि घोड्यांच्या शर्यतींची. या राजाची चर्चा झाली ती मात्र त्याच्या तब्येतीची. ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाच्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी त्याच्याकडून त्याचा रोजचा व्यायाम समजून घेतला आणि तो इंग्रज वाचकांसमोर मांडला. दोनच वर्षांत, म्हणजे १९३८ मध्ये, त्यावरचं इंग्रजी पुस्तक लंडनमधून प्रकाशित झालं.

तो व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार. आणि तो राजा म्हणजे औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

आज रथसप्तमी आली की शाळांच्या मैदानावर सामूहिक सूर्यनमस्कार होतात. योग दिनाला रील्सचा पाऊस पडतो. अमेरिकेतल्या योगा स्टुडिओत क्लासची सुरुवातही अनेकदा सूर्यनमस्कारानेच होते. पण हा व्यायाम देवघरातून आणि तालमीतून उचलून सगळ्यांच्या अंगणात आणायला ज्या माणसाने आयुष्याची चाळीस वर्षं घातली, त्याचं नाव फार कमी जणांना माहीत असतं.

आधी हे औंध कुठलं ते बघू

औंध म्हटलं की अनेकांना पुण्यातलं औंध आठवतं. हे ते नाही. हे औंध सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं, डोंगरावर यमाईचं देऊळ असलेलं गाव. पंतप्रतिनिधी घराण्याचं संस्थान इथे होतं.

प्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, ते जिंजीला असताना निर्माण झालं. पुढे परशुराम त्र्यंबक यांच्यापासून हे पद त्यांच्या घराण्यात आलं. पेशवाई संपली, इंग्रज आले, आणि एकेकाळच्या मोठ्या मुलखातून उरलं ते एक छोटंसं संस्थान. क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल, सत्तरएक गावं, आणि तीही सलग नाहीत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. पावसाचा पत्ता नाही, जमीन माळरानाची. थोडक्यात, राजा असूनही तिजोरीत खुळखुळाट नसलेलं हे संस्थान.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. ते शिकले साताऱ्यात आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाची बीए पदवी त्यांनी घेतली. त्या काळात संस्थानिक घराण्यातला मुलगा पदवीधर होणं ही नवलाचीच गोष्ट होती. चित्रकलेचं त्यांना वेड होतं, संस्कृत येत होतं आणि कीर्तनाची आवड इतकी की पुढे राजा झाल्यावरही ते स्वतः कीर्तनाला उभे राहत.

गादी मात्र त्यांना सरळ मिळाली नाही. वडिलांनंतर ती थोरल्या भावाकडे आणि त्यानंतर पुतण्याकडे गेली. भवानरावांकडे राज्य आलं ते १९०९ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. त्याच्या बरोब्बर एक वर्ष आधी त्यांच्या आयुष्यात सूर्यनमस्कार आले होते.

सँडोची दहा वर्षं

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगभर एका माणसाच्या शरीराची चर्चा होती. युजेन सँडो. आजच्या बॉडीबिल्डिंगचा जनक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. स्टेजवर पिळदार स्नायू दाखवायचे, वजनं उचलायची, आणि मग तसंच शरीर कमवण्यासाठी पुस्तकं, डंबेल्स आणि स्प्रिंगची साधनं विकायची, असा त्याचा उद्योग होता. आजच्या भाषेत सांगायचं तर तो त्या काळचा फिटनेस इन्फ्लुएन्सर होता. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला तेव्हा त्याला बघायला गर्दी लोटली होती.

भवानरावही सँडोच्या पद्धतीकडे ओढले गेले. १८९७ च्या सुमारास त्यांनी त्याची पुस्तकं आणि साधनं मागवली आणि जवळपास दहा वर्षं त्याच पद्धतीने व्यायाम केला. दहा वर्षं हा काही छोटा काळ नाही. आज जिमची वर्षाची फी एकदम भरून तिसऱ्या आठवड्यात गायब होणाऱ्यांना तर हा आकडा झेपणारही नाही.

मग १९०८ मध्ये मिरजेच्या राजांनी त्यांना सूर्यनमस्कार सुचवले. मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांनाही बाळासाहेबच म्हणत. म्हणजे एका बाळासाहेबांनी दुसऱ्या बाळासाहेबांना सल्ला दिला आणि भवानरावांनी डंबेल्स ठेवून दिले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सूर्यनमस्कार भवानरावांना नव्याने कळले असं नाही. मराठी घरांत ते आधीपासून होते. समर्थ रामदास रोज शेकडो नमस्कार घालत अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. मुंज झालेल्या मुलांना नमस्कार घालायला लावायची रीत अनेक घरांत होती. तालमीत पैलवान जे जोर काढतात, त्यांच्याशी या व्यायामाचं जवळचं नातं आहे. पण नमस्कार हा एकतर देवधर्माचा भाग होता, नाहीतर तालमीतल्या मेहनतीचा. शाळेतला मुलगा, कारकून, घर सांभाळणारी बाई, साठीचा म्हातारा अशा सगळ्यांनी करायचा रोजचा व्यायाम म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

भवानरावांनी तसं बघायला सुरुवात केली.

दहा स्थिती आणि शून्य खर्च

चाळिशीत सुरू केलेला हा व्यायाम त्यांनी पुढे सोडला नाही. रोज पहाटे नमस्कार घालायचे, हा नियम. स्वतःवर प्रयोग करत त्यांनी त्याची एक ठरावीक पद्धत बसवली. एका नमस्कारात दहा स्थिती. हात जोडून सरळ उभं राहायचं, वाकून तळहात जमिनीला टेकवायचे, मग एक पाय मागे, दुसरा पाय मागे, अष्टांग जमिनीला, छाती वर उचलून मागे वाकायचं, मग कंबर वर, आणि तसंच उलट क्रमाने परत उभं राहायचं. सोबत श्वासाची लय आणि मंत्र.

यात राजाला काय सापडलं होतं? एक म्हणजे, या व्यायामाला काहीही विकत घ्यावं लागत नाही. सँडोची साधनं परवडायला खिशात पैसे लागायचे. कसदार मेहनत करणाऱ्या पैलवानाला तूप, दूध, बदामाचा खुराक लागायचा. खेळायला मैदान, साथीदार आणि वेळ लागतो. नमस्काराला माणसाच्या उंचीएवढी लांब आणि दोन हात रुंद जागा पुरते. दुष्काळी भागातल्या एका गरीब संस्थानाच्या राजासाठी हा मुद्दा फार मोठा होता.

दुसरं म्हणजे, एकाच हालचालीत अंगाचे बरेच भाग कामाला लागतात. हातांवर स्वतःचंच वजन पेललं जातं, पाठीचा कणा पुढे आणि मागे दोन्हीकडे वाकतो, मांड्यांच्या मागच्या शिरा ताणल्या जातात, आणि न थांबता एकामागून एक नमस्कार घातले की दमही लागतो. म्हणजे ताकद, लवचिकपणा आणि दमसास या तिन्हीसाठी वेगवेगळा वेळ काढावा लागत नाही.

आणि तिसरं, राजाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: तो रोज करता येतो. पाऊस असो, प्रवास असो, घरात पाहुणे असोत. भवानरावांचा सगळा भर किती नमस्कार घातले यापेक्षा ते रोज घातले की नाही यावर होता. आकडा हळूहळू वाढवायचा, पण खाडा करायचा नाही.

१९२० च्या दशकात त्यांनी या व्यायामावर मराठीत पुस्तक लिहिलं. त्या दशकाच्या अखेरीस ते इंग्रजीतही आलं. प्रत्येक स्थिती समजावी म्हणून त्यात चित्रं दिली, आणि खाण्यापिण्याबद्दलही सल्ले दिले. आज आपण यूट्यूबवर व्हिडिओ पॉज करून जे बघतो, ते काम तेव्हा या पुस्तकाने केलं.

प्रजेलाही व्यायाम

राजाला एखादी गोष्ट पटली की ती प्रजेपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. भवानरावांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले. अभ्यासाला जसा तास, तसा नमस्कारालाही. ही मुलं बहुतेक शेतकऱ्यांची. शेतात राबणाऱ्या घरातल्या पोरांना वेगळा व्यायाम कशाला, असा प्रश्न तेव्हाही पडणं साहजिक होतं. भवानरावांचं म्हणणं असं की कष्टाने शरीर झिजतं, सगळ्या अंगाचा समतोल व्यायाम झाला तर ते घडतं.

त्यांच्या विचारातली आणखी एक गोष्ट काळाच्या पुढची होती. व्यायाम हा फक्त पुरुषांचा प्रांत आहे हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या राणीसाहेब नमस्कार घालत, घरातली मुलं घालत. पुस्तकातही त्यांनी स्त्रियांना समोर ठेवून लिहिलं. शंभर वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात, जिथे मुलीने शाळेत जाण्यावरच वाद होत होते, तिथे मुलीने रोज व्यायाम करावा असं एक राजा सांगत होता, ही गोष्ट साधी नाही.

हे सगळं एकट्या औंधमध्येच चाललं होतं असंही नाही. तो काळच तसा होता. अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान आखाड्याची सुरुवात झाली, ज्यातून पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि योगाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासायला घेतलं. दादरला १९२५ मध्ये समर्थ व्यायाम मंदिर निघालं. हिंदी माणूस शरीराने दुबळा असतो, हे इंग्रजांचं मत खोडून काढायची एक ईर्ष्या या सगळ्यामागे होती. औंधचं वेगळेपण असं की इथे व्यायामामागे मंडळ किंवा संस्था नव्हती, राज्याचं धोरण होतं.

आणि मग अत्र्यांनी नाटक लिहिलं

एखादी गोष्ट महाराष्ट्रात खरोखर गाजली आहे हे कधी ओळखायचं? तिची टिंगल व्हायला लागली की.

१९३३ मध्ये बालमोहन नाटक मंडळीने आचार्य अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक रंगभूमीवर आणलं. त्यातल्या रावबहादुरांना सूर्यनमस्काराचं वेड लागलेलं असतं. कुठल्याही दुखण्यावर आणि कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे एकच औषध, नमस्कार. लोकांनी हे नाटक डोक्यावर घेतलं, कारण असे रावबहादूर प्रेक्षकांनी आपल्या आसपास पाहिलेले होते.

अत्र्यांचा बाण अगदीच चुकीच्या जागी लागला होता असं म्हणता येणार नाही. भवानरावांचा सूर्यनमस्कारावर इतका विश्वास होता की बहुतेक आजारांवर तो उपाय आहे असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यांच्या लिखाणात असे दावे भरपूर आहेत. आजच्या वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर त्यातले अनेक टिकत नाहीत. रोजच्या व्यायामाने रक्तदाब, मधुमेह, वजन, झोप, मनाची अवस्था यांना फायदा होतो हे खरं. पण व्यायाम म्हणजे सर्व रोगांवरचा एकच रामबाण उपाय नाही. आज कुठलाही नवा डाएट किंवा वर्कआउट विकताना हेच होतं. चांगल्या गोष्टीला चमत्कार बनवलं की तिचं हसं होतं.

फरक इतकाच की भवानराव काही विकत नव्हते. आणि जे सांगत होते, ते स्वतः रोज करत होते.

लंडनमध्ये पोहोचलेला नमस्कार

आता पुन्हा १९३६ कडे वळू. लुईझ मॉर्गन यांनी लिहिलेल्या लेखांमुळे इंग्लंडमधल्या वाचकांना, विशेषतः बायकांना, या व्यायामाबद्दल कुतूहल वाटायला लागलं. त्यांनीच पुढे राजाचं पुस्तक संपादित केलं. ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ या नावाने ते १९३८ मध्ये आलं. नावातले दहा पॉइंट्स म्हणजे नमस्काराच्या दहा स्थिती. इंग्रज वाचकाला सूर्य, मंत्र, अष्टांग हे सगळं परकं होतं. त्याला नावातच कळलं की दहा पायऱ्या आहेत आणि आरोग्य मिळणार आहे. आजच्या हेडलाइनसारखंच ते शीर्षक होतं.

इथेच एक गैरसमजही दूर करायला हवा. सूर्यनमस्कार जसे आज आपण करतो, तसेच्या तसे हजारो वर्षं चालत आले आहेत असं आपण धरून चालतो. सूर्याची उपासना आणि नमस्कार ही परंपरा जुनी आहेच. पण ठरावीक क्रम, ठरावीक श्वास आणि सर्वांसाठीचा व्यायाम म्हणून त्याची जी बांधणी झाली, ती विसाव्या शतकातली आहे. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांमध्ये हा क्रम सापडत नाही. योगाच्या इतिहासाचे अभ्यासक सांगतात की १९३० च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात टी. कृष्णम्माचार्य योगशाळा चालवत होते, तेव्हा तिथे योगासनांचा वर्ग वेगळा आणि सूर्यनमस्काराचा वर्ग वेगळा भरायचा. म्हणजे तेव्हा सूर्यनमस्कार हा योगाचा भाग मानलाच जात नव्हता. तो पुढे योगात मिसळला, आणि इतका मिसळला की आज जगभरात योगा म्हटलं की पहिली आठवते ती हीच हालचाल.

राज्य सोडणारा राजा

भवानरावांची ओळख फक्त व्यायामापुरती नाही. बेळगावातून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलजवळचा माळ दिला. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली, तेव्हा त्यांनी एक लाख रुपयांची मदत जाहीर केली. त्यांनी रामायण स्वतः चित्रित केलं. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर औंधलाच राहायला आले आणि त्यांनी तिथून स्वाध्याय मंडळ चालवलं. १९३५ मध्ये इंदूरला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही भवानरावच होते. औंधच्या टेकडीवरचं श्रीभवानी संग्रहालय १९३८ चं, तेही त्यांचंच.

पण सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती वयाच्या सत्तरीत. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की राज्याची सत्ता प्रजेच्या हाती द्यायची. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनिअर, राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि स्वतः महात्मा गांधी यांच्या विचारातून औंधची राज्यघटना तयार झाली. जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. कारभाराचा पाया ठरला ग्रामपंचायत. गावाने आपली माणसं निवडायची, त्यातून तालुक्याची समिती आणि तिथून विधिमंडळ. देश अजून पारतंत्र्यात असताना या दुष्काळी संस्थानात स्वराज्याचा प्रयोग सुरू झाला. याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत सुरू झाली, जिथे भिंती नव्हत्या आणि कैदी शेती करत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ चा सिनेमा याच प्रयोगावरून सुचला.

या दोन गोष्टी, नमस्कार आणि स्वराज्य, वरवर पाहता वेगळ्या वाटतात. पण आप्पासाहेबांच्या आठवणींमधून आणि त्या प्रयोगाच्या इतिहासातून दिसतं की गांधीजींच्या योजनेतही स्वतःला लावलेल्या शिस्तीला मोठी जागा होती. राजाने साधं राहायचं, कमीत कमी खर्चात भागवायचं, ही अपेक्षा त्यात होती. तीस वर्षं रोज पहाटे उठून स्वतःला नियम लावणाऱ्या माणसाला ती अवघड गेली नाही.

सक्तीने व्यायाम होतो का?

या गोष्टीत एक विसंगती मात्र आहे, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. ज्या राजाने प्रजेला सत्ता दिली, त्यानेच मुलांना व्यायामाची सक्ती केली. आणि तो व्यायामही मंत्रांसकट, सूर्याला नमस्कार म्हणून.

हा वाद आजही संपलेला नाही. २०१६ मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहात पालिकेच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करण्याचा प्रस्ताव मंजूर झाला, तेव्हा विरोधी नगरसेवकांनी जोरदार आक्षेप घेतला होता. इतर राज्यांतही असे वाद झाले आहेत. एका बाजूचं म्हणणं, हा निव्वळ व्यायाम आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, मग नाव, मंत्र आणि नमस्कार कशाला? दोन्ही बाजूंना त्याचं मूळ माहीत असेल तर निदान चर्चा नीट होऊ शकते. भवानरावांसाठी तो भक्ती आणि व्यायाम दोन्ही होता, आणि त्यांनी ते लपवलं नाही. लंडनच्या वाचकांपर्यंत मात्र तो मुख्यतः आरोग्याचा मार्ग म्हणूनच पोहोचला. म्हणजे एकच हालचाल दोन्ही रूपांत जगू शकते हे त्यांच्या हयातीतच सिद्ध झालं होतं.

आणि सक्तीचं काय? शाळेतला तास संपला, घंटा वाजली की सक्ती संपते. त्यानंतर मुलगा मोठा होऊन नमस्कार घालतो की नाही, हे त्याने घरात काय पाहिलं यावर ठरतं. भवानरावांच्या घरातच याचा दाखला आहे. आप्पासाहेब पंत पुढे भारताचे राजदूत झाले, आफ्रिकेपासून लंडनपर्यंत अनेक देशांत राहिले. त्यांनीही सूर्यनमस्कारावर पुस्तक लिहिलं, ते १९७० मध्ये आलं. तेव्हा वडील जाऊन १९ वर्षं झाली होती आणि संस्थान तर त्याच्याही आधी इतिहासजमा झालं होतं.

शेवट आणि शिल्लक

देश स्वतंत्र झाला आणि मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. पंचायतींचा तो प्रयोग तिथेच थांबला. १३ एप्रिल १९५१ ला भवानराव गेले, वयाच्या ८२ व्या वर्षी. ज्या काळात हिंदी माणसाचं सरासरी आयुर्मान चाळिशीही गाठत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. अर्थात राजाला मिळणारं अन्न, निवारा आणि औषधपाणी सामान्य माणसाला मिळत नव्हतं, त्यामुळे सगळं श्रेय नमस्काराला देता येणार नाही.

मग आज आपण त्यातून काय घ्यायचं?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. हिशोब केला तर रोजची वीस-पंचवीस मिनिटं होतात. न थांबता, जरा वेगाने घातलेले सूर्यनमस्कार यातला बराच भाग भरून काढतात. संथपणे घातले तर लवचिकपणाला जास्त फायदा, वेगाने घातले तर दमसासाला. पण त्यात सगळंच येतं असंही नाही. ओढण्याची किंवा लोंबकळण्याची हालचाल त्यात नाही, त्यामुळे पाठीच्या वरच्या भागासाठी वेगळा व्यायाम लागतो. चालणं, पोहणं, सायकल, एखादा खेळ यांची जोड दिली तर उत्तमच.

सुरुवात करताना चार-पाच नमस्कारांपासून करावी आणि दर आठवड्याला थोडे वाढवावेत. पहिल्याच दिवशी १०८ घालून स्टोरी टाकायची आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसायचं, यात काही अर्थ नाही. मनगट, गुडघे किंवा पाठीचा त्रास असेल, रक्तदाब जास्त असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. स्थिती चुकली, विशेषतः मागे वाकताना सगळा ताण कमरेवर आला, तर फायद्याऐवजी दुखणं मागे लागतं. त्यामुळे सुरुवातीला एखाद्या जाणकाराकडून शिकून घेतलेलं बरं.

बाकी लागतं काय? एक सतरंजी आणि पहाटेची वीस मिनिटं. वयाची चाळिशी हीसुद्धा सबब होऊ शकत नाही, कारण औंधच्या राजाने पहिला नियम लावून घेतला तेव्हा त्याचं वय तेवढंच होतं.